सुताची पारख

सोलापुरात आमच्या गल्लीत टॉवेलचे कारखाने घराला घर लागून आहेत. तिथून झाडून टाकलेला सुताचा कचरा पोत्यानं आणायचा, भिजवलेल्या रद्दीच्या लगद्यात थोडी खळ घालून मळायचा आणि डब्याच्या झाकणात दाबून गच्चीवर वाळवायचा. या कागदी गोवऱ्यांवर निम्म्या गल्लीच्या चुली पेटतात. हे सुरू केलं माझ्या सासूबाईंनी, आत्यांनी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुणीही पोतं आणलं की आधी त्यांच्यापुढे ठेवायचं. त्या चार ठिकाणचे दोरे उपसून काडीनं पेटवायच्या. भुरभुरीत राख झाली तर कापूस. वितळून काळा मणी झाला तर पॉलिस्टर, पोतं परत.

मी बचत गटाची अध्यक्ष. चार बुकं शिकलेली, म्हणून मिरवायचं काम माझ्याकडे.

बार्शीच्या गटातल्या बायका आमचं काम बघायला येणार होत्या आणि गोवऱ्या कमी पडत होत्या. सासूबाई गोवऱ्यांचा एक घाणा घालून मैंदर्गीला लग्नाला गेलेल्या. मागाहून आलेलं पोतं पांढरंशुभ्र होतं. कापूसच असणार म्हणून मी काडी न लावताच भिजवलं. त्यांच्या आणि माझ्या गोवऱ्या एकाच गच्चीवर मिसळून वाळल्या.

पाहुण्यांसमोर चूल पेटली, तव्यावर भाकरी पडली आणि काळा धूर उठला. प्लास्टिक जळल्याचा वास. बायकांनी नाकाला पदर लावले. एकीनं विचारलं, "ह्या कुणी केल्यात?"

"आत्यांनी," मी म्हणाले. "वय झालंय, हल्ली नजर चुकते त्यांची."

हे इतकं सहज तोंडातून गेलं की आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. आदल्याच दिवशी परतलेल्या सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय बाई, चुकलं माजं."

त्यांनी माझी अब्रू राखली असंच मी समजले. रात्री पाय धरायचं ठरवलं, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पोतं घेऊन आली. सासूबाईंनी दोरा उपसला, पेटवला, राख बोटांत चोळली. परत चोळली. मग हात माझ्यापुढे केला.

"तूच बघ की. मला राख वाटतीया, पर माज्या नजरंचं आता काय खरं न्हाय."

राखच होती, आंधळ्यालाही कळावी अशी. त्या मला पाठीशी घालत नव्हत्या. मीही गोवऱ्या केल्यात हे त्यांना ठाऊकच नव्हतं; त्यांनी माझा शब्द खरा मानला होता.

"कापूसच आहे, आत्या," मी म्हणाले. शेजारीण समोर होती म्हणून पुढचं बोलले नाही. ती गेल्यावर तिसरं कुणीच नव्हतं, तरी बोलले नाही.

आता गल्लीतली पोती माझ्यापुढे येतात.