ठोकळेबाईंचं न हसण्याचं काम

न हसणं हा ठोकळेबाईंच्या नोकरीचा भाग होता, आणि नशिबाने तो नेमका त्यांच्याच गळ्यात मारला होता. घरी त्या अशा काही हसत की शेजारचं कुत्रं भुंकायला लागे. पण हॉस्पिटलच्या त्या लहानशा खोलीत, बुटक्या टेबलापलीकडे एखादं मूल येऊन बसलं, की बाईंचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. बरोबर आलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, चुकलं तरी नाही. नाहीतर मूल ठोकळ्यांकडे बघायचं सोडून बाईंच्या तोंडाकडे बघतं आणि चाचणीचा विचका होतो.

मुलंही घाईची. दिवस भरायच्या कितीतरी आधी जगात येऊन धडकलेली, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात वाढलेली. प्रत्येकाला दोन वयं: एक आल्या तारखेपासूनचं, दुसरं यायला हवं होतं त्या तारखेपासूनचं. बाई दुसरं धरत. त्या हिशेबाने दोन वर्षं झाली, की मुलाला त्यांच्यापुढे बसवायचं. ठोकळ्यावर ठोकळा चढवतं का, भोकात खुंटी बसवतं का, चित्रातला चेंडू दाखवतं का, शब्दाला शब्द जोडतं का, ते बघून पुढचा अंदाज बांधायचा. घरच्यांना अंदाज नको असे, त्यांना भविष्य हवं असे.

"बाई, इंजिनीअर होईल ना हो?" एका मामाने विचारलं होतं.

"आत्ता त्याने माझी पेन्सिल खाल्ली आहे. त्यापलीकडचं मला दिसत नाही."

मूळच्या त्या बालवाडीतल्या शिक्षिका. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिथून जवळजवळ पळवूनच आणलं, कारण कसलंही रडकं पोर यांच्यापुढे दोन मिनिटांत गप्प होई. नोकरी अशी अंगात भिनली, की होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो बोलता बोलता बिस्किटावर बिस्किट रचत होता आणि बाई एकटक त्याच्या बोटांकडे बघत होत्या.

"मुलगा छान आहे," तो गेल्यावर त्या म्हणाल्या. "दोन्ही हात सारखे चालतात."

"अगं, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे," यजमान कपाळाला हात लावत म्हणाले, "स्वभाव बघ, हात काय बघतेस!"

एके दिवशी सकाळी आला तो एक सुतार, त्याची शिवणकाम करणारी बायको आणि त्यांची चिमटी. जन्मली तेव्हा चिमटीत धरावी एवढीशी होती, म्हणून चिमटी. पेटीपाशी उभं राहून सुताराने तेव्हा विचारलं होतं, 'ही इतरांसारखी होईल ना?' डॉक्टर म्हणाले होते, 'आत्ता काहीच सांगता येत नाही, दोन वर्षांची होऊ दे.' त्या दिवसापासून हा माणूस या दिवसाकडे डोळे लावून बसला होता. मधे वर्षाची असताना एकदा ते येऊन गेले होते. तेव्हा त्याने ठोकळे उचलून, उलटेपालटे करून, नाकाला लावून पाहिले होते. बाईंना वाटलं होतं, सुतार आहे, बघतोय बिचारा.

बाईंनी ठोकळे मांडले. "मनोरा कर बघू."

चिमटीने ठोकळ्यांकडे असं पाहिलं, जणू सलग चौथ्या दिवशी ताटात तीच भाजी वाढली आहे. "नको."

खुंट्यांची पाटी पुढे आली. "नको."

चेंडूचं चित्र आलं. तिने ते उपडं घातलं.

सुताराला दरदरून घाम फुटला. "बाई, शपथ घेतो, घरी छताला लागेल एवढा करते हो!"

बायकोने कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

"घरी?" बाईंचा चेहरा सपाट. "घरी कुठले ठोकळे?"

"सांगा आता," बायको म्हणाली. "मी म्हणत होते."

"म्हणजे... मी बनवले. हुबेहूब."

"खुंट्या?"

"खुंट्या पण. पाटी पण. खोटं कशाला बोलू, तुमच्यापेक्षा गुळगुळीत झाल्यात."

"आणि चित्रं?"

"ती हिने काढली!"

"अहो! मला कशाला ओढताय?"

सकाळी उठल्यावर एकदा, कामावर जाण्याआधी एकदा, आणि संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत, असा बाप-लेकीचा सराव चालला होता म्हणे. या भानगडीत चिमटी कधी खुर्चीवरून उतरली ते कुणाला कळलंच नाही. तिने सगळे ठोकळे डब्यात भरले, दोन हातांनी दाबून झाकण लावलं, डबा जमिनीवर ठेवला आणि वर बसली. मग बोट रोखून, थेट आईच्या ठसक्यात म्हणाली,

"बाबा, पुरे! कामाला जा!"

बाईंनी गाल आतून चावला. खिडकीबाहेर पाहिलं. उपयोग झाला नाही. असं काही हसू फुटलं की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली. चिमटीला तर चेवच चढला. "बाबा, पुरे! कामाला जा!" दर वेळी बाई नव्याने कोसळत होत्या, आणि सुतार पांढराफटक पडून विचारत होता, "म्हणजे नापास? हसताय म्हणजे नापास ना?"

बाईंनी डोळे पुसले. "अहो, पाठ करून घेतलेलं मोजलं, तर मला तुमची मेहनत कळेल, तिची वाढ कळायची नाही. ठोकळ्यांचा भाग आज बाद. काही महिन्यांनी परत या, आणि तोवर घरात यातली एक खुंटी दिसता कामा नये."

"पण ती होईल ना इतरांसारखी?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

बाई त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "खरं सांगते. मूल फारच मागे असेल, तर या वयात बहुतेक दिसतं. हिच्यात मला तसं दिसत नाही. हिने झाकण लावलं, शब्द जोडले, घरात हुकूम कुणाचा चालतो तेही ओळखलं. पण शाळेत आकडेमोड कशी जमेल, एका जागी लक्ष लागेल का, ते आज मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. आपण मधूनमधून बघत राहू. काही अडलं, तर तेव्हा मदत करू."

बायको म्हणाली, "अर्धं उत्तर तरी मिळालं. पेटीपाशी तेवढंही नव्हतं मिळालं."

"मग मी संध्याकाळी करू तरी काय?" सुताराने विचारलं.

"गप्पा मारा तिच्याशी," बाई म्हणाल्या. "परीक्षा सोडून काहीही करा."

"आणि माझ्या मशीनचं टेबल लटलट हलतंय," बायकोने लगेच जोडून दिलं, "वर्षभर."

डबा सोडवून घ्यायला तिघांना घाम गाळावा लागला. शेवटी चिमटी उठली, बापाने पुढे केलेला हात तिने झटकला आणि व्हरांड्यात भलत्याच दिशेला तुरुतुरु निघाली.

"अगं, तिकडे नाही, जिना इकडे!" आई ओरडली.

सुतार दोन पावलं धावला आणि थांबला. "जाऊ दे," तो म्हणाला. "कुठे जाते बघू तरी."

ती मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गेली, दोन्ही हातांनी दार ढकललं आणि न विचारता आत शिरली.