उरलेला अर्धा पगार

मी आजवर कुठल्याही सरकारला फसवलेलं नाही. सासुरवाडीला मात्र एकदा फसवलं, आणि तेवढ्यावरून तुरुंगात जायची वेळ आली!

सातपूरच्या आमच्या कारखान्याने मला पाच महिने जर्मनीतल्या एका कंपनीत धाडलं होतं. पगार तिकडचीच कंपनी द्यायची. परत आलो आणि घोटीला, सासुरवाडीत, मेव्हणीच्या बाळाचं बारसं निघालं. तिथे साडूंनी आपला पुण्यातला पगार इतक्या मोठ्याने सांगितला की पाळण्यातलं पोर दचकलं! सासरे माझ्याकडे वळले. "आणि जावईबापू, तुमचा तिकडचा?" मी तोंडातली जिलेबी गिळली आणि खऱ्याच्या बरोब्बर दुप्पट आकडा सांगितला. (साडूंचा चेहरा उतरला. अजून आठवलं की बरं वाटतं.)

पुढे रिटर्न भरायची वेळ आली. आमचं रिटर्न मेव्हणा नितीन भरतो. तो सीए आहे, आणि बारशाला माझ्या शेजारच्याच पानावर जेवत होता, हे मी साफ विसरलो होतो.

नितीन पंचवटीत आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आला.

"दाजी, परदेशातला पगारही इथे दाखवावा लागतो."

"दाखव की! या घे स्लिपा."

त्याने स्लिपा पाहिल्या. परत पाहिल्या. मग उठून दार लावून घेतलं. 

"दाजी, हा तर अर्धाच आहे. उरलेला कुठंय?"

"एवढाच आहे रे!"

"माझ्यापासून लपवू नका. तिकडे दुसरं खातं आहे ना? अहो, बाहेरचं उत्पन्न दडवलं तर दंड होतो, आतसुद्धा जावं लागतं!"

 खरं सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर मीच जाणार! तेवढ्यात बेल वाजली. मी सरळ बाथरूममध्ये शिरलो आणि आतून कडी लावली. (कुरिअरवाला होता. बायकोची साडी घेऊन.)

बाहेर आलो तर बायको, सुनंदा, पदर खोचून उभी. नितीनने तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"अर्धा पगार कुणाला देत होतात?"

"अगं, कुणालाच नाही!"

"मग व्हिडिओ कॉलवर मागे हसत होती ती कोण?"

"घरमालकीण! सत्तरीची आहे!"

"असेना! गोरी आहे ना?"

 आयकर खात्यात निदान अपील तरी करता येतं!

"थाप मारली मी!" मी ओरडलो. "बारशाला! साडूंचा तोरा उतरवायला! एवढाच पगार होता, देवाशपथ!"

नितीनने चष्मा काढून पुसला. सुनंदाने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच घोटीला फोन लावला. "आई, बाई-बिई काही नाही गं! नुसतेच थापाडे आहेत!" संध्याकाळी साडूंचा फोन आला. सांत्वनाचा.

रिटर्न खऱ्या आकड्याने भरलं. तिकडे कापलेला कर इथल्या करातून वजा झाला, थोडा रिफंडही आला. मेसेज आला तसं मी घरभर ओरडून सांगितलं.

"किती आला हो?" सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारलं.

नेमके पुण्याहून आलेले साडू समोर चहा पीत बसले होते. माझ्या तोंडून दुप्पट आकडा निघून गेला. सुनंदाने बाहेर येऊन हात पुढे केला. पुन्हा थापाड्या ठरायची माझी छाती नव्हती.

उरलेला अर्धा मी साडूंकडूनच उसना घेतला!