न फुटलेला पेला

लेब्रेश्ट ओलेनडॉर्फची पुस्तकं पुढे जर्मन मुलखात घरोघरी गेली, तेव्हा आमच्या होलेनरोडमध्ये जो तो सांगू लागला, "आम्हाला आधीपासूनच ठाऊक होतं!" ठाऊक कुणालाच नव्हतं. एकट्या लेब्रेश्टला होतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

बाप हार्म मिस्त्री, सुतार. एकोणिसाव्या वर्षी पोरगा बापाच्याच हाताखाली, पण हात रंध्यावर आणि डोकं यमकात. नव्या घराचं आढं चढलं की सुताराने वर उभं राहून चार ओळी म्हणायच्या, पेला रिकामा करायचा आणि खाली भिरकावायचा. फुटला की घर भाग्याचं. ओळी मात्र त्याच, पणजोबांच्या वेळच्या. ब्रिंकेबाई वेशीपाशी बिअरचा गुत्ता बांधत होत्या. त्याचं आढं चढायच्या दिवशी लेब्रेश्ट म्हणाला, "बाबा, आज माझ्या ओळी."

"म्हण. पण फजिती झाली, तर पुन्हा तोंडातून यमक काढायचं नाही. आणि आधी अंगणातला भुसा झाड."

भुसा राहिला. शेवटची ओळ जुळत नव्हती ना!

ओळी झकास झाल्या. लोकांनी टोप्या उडवल्या. लेब्रेश्टने पेला भिरकावला, तो थेट भुशाच्या ढिगात. अख्खाच्या अख्खा.

ब्रिंकेबाई पांढऱ्याफटक. "मिस्त्री, मी नाही या घरात पाऊल टाकायची!"

मिस्त्रींनी आधी भुशाकडे पाहिलं, मग वर पोराकडे. पण लेब्रेश्ट घाबरणाऱ्यातला नव्हे. आढ्याला एका हाताने धरून तो ओरडला, "बाई, धंदा बिअरचाच ना? मग ऐका!

पेला पडला आढ्यावरून, टवका नाही उडला;
तसाच धड घरी जाईल, जो इथं पिऊन पडला!"

"मी आजच पडून बघतो!" टिलमन लोहार गरजला, आणि सगळं अंगण हसत सुटलं. ब्रिंकेबाईही. त्यांनी पेला उचलून भुसा फुंकला. "हा मी फळीवर मांडणार. पण पोरा, एक दुसरा फोड बाबा. नशिबाची खोड कशाला काढायची?"

दुसरा त्याने नेम धरून दगडावर फोडला.

"खाली ये," मिस्त्री म्हणाले. "भुसा झाड." मग मिशीतल्या मिशीत, "पुढल्या महिन्यात गिरणीचं आढं चढतंय. ओळी वेळेवर जुळव."

"जुळल्यात की, बाबा," लेब्रेश्ट शिडीवरूनच म्हणाला.