फाटकापाशी उभी स्कूटर

"बोलू नका बाई, दाखवा." मी मुक्ताला तोंडी काही सांगायला लागले, की तिचे वडील स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवून मला गप्प करायचे.

कर्वेनगरच्या आमच्या कार्यशाळेत शाळेचं वय उलटलेली विशेष मुलं दिवसभर असतात. मुक्ता त्यांतली, सव्वीस वर्षांची. ऐकलेलं तिच्यापर्यंत पोचत नसे, पाहिलेलं मात्र पक्कं बसे. म्हणून मी चित्रांची पट्टी सुचवली. दिवसातलं एकेक काम एकेका चित्रात, वरून खाली लावलेलं. काम झालं, की ते चित्र काढून पिशवीत टाकायचं आणि पुढचं पाहायचं.

माझी पहिली चित्रं त्यांनी चष्मा पुसून पाहिली. "ही बादली आहे की तबला? तिनं पाणी भरायचं, की ठेका धरायचा?"

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतून स्कूटरवर मुलीला घेऊन आले ते स्वतः काढलेली चित्रं घेऊनच. सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढलेले. दात घासायचा ब्रशसुद्धा फूटपट्टी लावून काढला होता. एका चित्रात नळ चुकून डावीकडे आला. घरचा नळ उजवीकडे. मुक्ता अर्धा तास मोरीत डावीकडच्या भिंतीपाशी उभी राहिली. त्यांनी ते चित्र फाडून नवीन काढलं आणि मला म्हणाले, "तिचं बरोबर होतं. चूक माझी."

बायको आधीच गेलेली. आपल्यामागे मुलीला निदान स्वतःचं स्वतः करता यावं, एवढ्यासाठी त्यांचा सगळा आटापिटा होता. दोन वर्षांत ती अंघोळ, वेणी, कपड्यांच्या घड्या, डबा भरणं एकटी करू लागली.

कार्यशाळेतल्या पट्टीचं शेवटचं चित्र तिच्या आवडीचं हवं, म्हणजे ती तिथपर्यंत जाईल, हे मीच सांगितलं होतं. त्यांनी फाटकापाशी उभी स्कूटर आणि स्कूटरवर बसलेले स्वतः, असं चित्र काढलं. "केस जरा जास्त काढलेत. तेवढी सूट द्या." मी ते चित्र इतर पालकांना नमुना म्हणून दाखवत असे.

एकदा पट्टीचा खिळा ठोकता ठोकता त्यांनी विचारलं, "मी नसलो तरी हे चालेल ना?"

मी हजेरी लिहीत होते. "त्यासाठीच तर करतोय," मी मान वर न करता म्हणाले. त्यांना ते पटलं. मी रोज सकाळी कामांची यादी करणारी बाई. पण शेवटच्या चित्रात ते स्वतः बसलेत, हे माझ्या कुठल्याच यादीत आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते गेले. झोपेतच. सुट्टी संपल्यावर कसब्यातल्या आत्या मुक्ताला रिक्षातून घेऊन आल्या. दिवसभर तिनं सगळं चित्रांप्रमाणे केलं. सुटायच्या वेळी ती फाटकापाशी गेली आणि रिक्षात बसेना.

मी घाईघाईनं रिक्षाचं आणि आत्यांचं चित्र काढलं. तिनं ते नीट पाहिलं आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तसं माझ्या हातात दिलं.

"बाळा, बाबा देवाघरी गेले गं," आत्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही शिकवता ना तिला? तुम्ही दाखवा काहीतरी."

काय दाखवणार? आत्यांच्या पर्समध्ये हार घातलेल्या तसबिरीचा फोटो होता, तो त्यांनी पुढे केला. मुक्तानं हारावर बोट घासून पाहिलं. हार निघेना, तेव्हा तो अंगठ्याखाली झाकून ती वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. हसली. मग परत रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

गेले तीन आठवडे हे रोज चाललं आहे. शेवटी दमून ती रिक्षात बसते, पण तोवर सहा वाजतात. काल बाकीची मुलं गेल्यावर मी पट्टी वरून खाली तपासली. सगळी कामं झाली होती, खाली फक्त स्कूटरचं चित्र उरलं होतं. चपलेचा पट्टा लावलेला, डबा पिशवीत, पाण्याची बाटली खांद्याला. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं.