पाण्याखालचं ड्रेसिंग

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही तुमचा नवा व्हीआर चष्मा दाखवलात आणि म्हणालात, "आजी, यात फार मारामारी आहे, तू घाबरशील." तसला खोका डोळ्यांवर चढवून केलेली मारामारी मी जवळून पाहिली आहे. माझ्या मनगटावर ही खूण कसली, असंही तुम्ही मागे विचारलं होतंत. दोन्हींचं उत्तर एकच, म्हणून आजच लिहायला बसले.

आमच्या मागच्या खोल्यांत जयगडकडचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. बाप मासेमारीच्या बोटीवर. घरी आई आणि सात वर्षांची मुलगी. मे महिन्यात आई अंगणात काजूच्या बिया भाजत होती. टरफलातून तेल सुटतं आणि भसकन पेटतं. डबा कलंडला, पेटतं तेल पोरीच्या उजव्या हातावर आलं. बोटांवरची कातडी हातमोज्यासारखी सुटली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बजावलं की प्रत्येक ड्रेसिंगला जखम साफ करून बोटं सरळ करायचीच. नाहीतर ती आखडतील, एकमेकांना चिकटतील आणि हात कायमचा जाईल.

आईला ते बघवेना. ती दाराबाहेर थांबली आणि धरायला मी आत गेले. दुखणं कमी करणारं औषध दिलेलं होतं. तरी सिस्टरने मांसाला चिकटलेली ड्रेसिंगची जाळी भिजवून ओढली, तशी पोर गुरासारखी ओरडली. सिस्टरच्या पोटात लाथ बसली. मी तिचा डावा हात दाबून धरला होता. तिने माझ्या मनगटात दात रुतवले.

"सोड गो थेरडे! मारून टाकीन तुला!"

मी सोडलं नाही. तिनेही नाही. चादरीवर तिचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं, कळेना. बोटं मात्र त्या दिवशी सरळ झाली नाहीत.

पुढच्या वेळी एक तरुण डॉक्टर तुमच्या चष्म्यासारखा खोका घेऊन आले. "आज कुणी धरायचं नाही. आज ही समुद्राच्या तळाशी फिरून येईल. निळं पाणी, रंगीत मासे. मुलं शांत होतात."

त्यांनी तो तिच्या डोळ्यांवर बांधला, डाव्या हातात खेळ चालवायची मूठ दिली. पोर आधीपेक्षा मोठ्याने किंचाळली.

"आजी, मी बुडत्ये! वर काढा मला!"

तिचा मामा खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा ती किनाऱ्यावर उभी होती. समुद्राच्या तळाशी कोण जातं, हे तिला ठाऊक होतं, डॉक्टरांना नव्हतं. ते खोका काढायला पुढे झाले, तेवढ्यात आई दारातून ओरडली, "अगो, रडतंस काय? मासे आहेत ना? मार मेल्यांना!"

पोरीने मूठ फिरवली. मासे पांगले. तिने पुन्हा फिरवली, जोरात.

"हा बांगडा! याचे कल्ले काढले! ये, सुरमये, तुझी मुंडीच तोडते!"

"अगं, मारायचं नाही, नुसतं बघायचं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही गप्प राहा हो," सिस्टर म्हणाली आणि तिने जाळी ओढली. रक्त आलं. पोर विव्हळली, पण दात-ओठ खात मारतच राहिली. सिस्टरने एकेक बोट सरळ केलं. अंगठ्याला ती "आई गं!" म्हणाली, एवढंच.

"काय गं, आज जेवायला काय?" सिस्टरने विचारलं.

"सगळे मेले. तुम्हाला शेपट्या देईन."

त्यानंतरच्या प्रत्येक ड्रेसिंगला तिने तो समुद्र असाच रिकामा केला. डॉक्टरांनी पुन्हा शांत राहायला सांगितलं नाही.

आता ते कुटुंब परत जयगडला राहतं. मुलीच्या हातावर गुलाबी, ताणलेले व्रण आहेत. पाचही बोटं उघडतात आणि मिटतात. माझ्या मनगटावर तिचे चार दात अजून आहेत.