वहिनीने नाव घेतलं त्या दुपारी

प्रिय ईरा आणि निशांत,

मागच्या रविवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, आपल्या घरात कुणाला दारूचं व्यसन होतं का?" तिच्या मैत्रिणीला तिकडे कुठल्याशा सेंटरमध्ये राहून उपचार घ्यावे लागताहेत, म्हणून तो प्रश्न. मी म्हटलं, होतं, लिहून पाठवते. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. शिवाय त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती मी तुमच्या आजोबांनासुद्धा फक्त एकदाच सांगितली. ते हसले नाहीत.

आधी सांगून ठेवते. भूत, अंगात येणं, दृष्ट काढणं, यांतलं मी काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. लॉजिक हा विषय घेऊन बी.ए. झालेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी मुलगी मी. तेव्हा हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. जसं झालं तसं, क्रमाने लिहिते.

माझे थोरले भाऊ, सदाशिव दामले. आम्ही विलेपार्ल्याला राहायचो — बैठं कौलारू घर, मागे विहीर, विहिरीपलीकडे माडांची वाडी. पन्नासच्या दशकातली गोष्ट. दारूबंदी होती, म्हणजे दारू मिळत नव्हती असं नाही, लपूनछपून प्यावी लागायची इतकंच. दादा चांगल्या ऑफिसात होते. कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. नुसते संपत चालले होते... वहिनीला दोन वर्षांत तीनदा शब्द दिला आणि तीनदा मोडला.

शेवटी कुणीतरी अंधेरीचे डॉक्टर सुचवले. विलायतेत शिकून आलेले, वर्सोव्याच्या रस्त्यावर जुना बंगला घेऊन तिथे दारूचे रुग्ण ठेवायचे. त्यांचा उपचार म्हणजे झोप. इंजेक्शन देऊन दिवसच्या दिवस झोपवून ठेवायचं. जेवणापुरतं अर्धवट जागं करायचं, पेज पाजायची, पुन्हा झोपवायचं. हल्ली असं करत नाहीत म्हणे, धोक्याचं असतं. तेव्हा ते अगदी मॉडर्न वाटायचं.

वहिनी म्हणाली, "झोपून कुणी सुधारतं होय वन्सं? मग आपल्या वाडीतली निम्मी माणसं संतच व्हायला हवी होती." तिने चिपळूणला माहेरी जायचं ठरवलं होतं. ट्रंक भरून ठेवली होती. शेजारीपाजारी सांगितलं, की दादा दम्यासाठी सॅनेटोरियममध्ये आहेत.

मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून दादांजवळ बसायला मी जायचे. त्या बंगल्यातल्या दुपारी मला आजही जशाच्या तशा आठवतात. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर सारखं पाणी मारलेलं. आत हिरवट अंधार, ओल्या वाळ्याचा वास, रांगेने झोपलेली माणसं. सगळे एका लयीत श्वास घेत. बाहेर ऊन रणरणत असायचं, आणि आत... विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं, तसं काहीतरी. माझाच डोळा लागेल अशी भीती वाटायची.

तिथली एक पद्धत होती. रुग्णाला उठवायचं ते घरच्या माणसाने, नावाने हाक मारून. डॉक्टरांचं म्हणणं, माणूस कितीही खोल गेला तरी आपल्या नावाला ओळख देतो.

आता आमची पंचाईत अशी, की आमच्या घरात त्या माणसाला नावाने कुणी हाकच मारत नसे. आम्ही भावंडं 'दादा' म्हणायचो. ऑफिसात 'दामले'. आई 'सदाशिव' म्हणायची, ती जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि वहिनी! तुम्हाला हे खोटं वाटेल, पण त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारत नसे. 'अहो', 'इकडून', नाहीतर 'शमीचे बाबा'. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं समजत.

वाकोल्याच्या सिस्टर फिलोमेना होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! एवढा सहा फुटी माणूस, नि ह्याला घरात नावच नाय?"

"मी मारते ना हाक," मी म्हटलं.

"मार मग. लाजते काय? शाळेत हजेरी घेते ना?"

मी सदाशिव, सदाशिव म्हणायचे. हजेरीसारखंच वाटायचं. तरी पहिले काही दिवस ते डोळे किलकिले करून पेज घेत.

मग एका सकाळी उठेनात. आदल्या रात्रीपासून इंजेक्शन बंद ठेवलेलं, तरी उठेनात. सिस्टरनी गालावर थापट्या मारल्या, ओला टॉवेल फिरवला. नाडी मंद. दुपारी डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे जागे झाले नाहीत, तर मुंबईत मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल. वाटेत काय होईल सांगता येत नाही. त्यांच्या पत्नीला बोलवा." पार्ल्याला आमच्याकडे फोन नव्हता. निरोप घेऊन जाईल असा माणूस डॉक्टर शोधेपर्यंत मी परत खाटेशी जाऊन बसले.

दादांचा चेहरा इतका शांत होता, की मला त्याचीच भीती वाटली. लांब कुठेतरी चाललेल्या माणसासारखा. सगळ्या पडद्यांमधून एक झुळूक आली, आणि त्यांनी डोळे उघडले. किलकिले नाही, पूर्ण.

"आलो, आलो," ते म्हणाले. "केवढ्याने ओरडते!"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"कोण, दादा?"

"अगं, ही. मागच्या दारात उभी होती आत्ता. हात कोपरापर्यंत पिठाचे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेली कुठे?"

सिस्टर धावत डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी पाणी पाजलं. दादा स्वप्नातल्यासारखे बोलत होते. "मी माडांतून चाललो होतो गं. फार छान वाटत होतं... कुणी काही विचारत नव्हतं. पाठीमागून 'अहो, अहो' चाललेलं, पण ते काय, रोजचंच. मग नाव घेतलं कुणीतरी. आई गेल्यापासून कुणी घेतलंच नव्हतं."

मी ते भ्रमात टाकलं. हात पिठाचे कसे असतील? माहेरी निघालेली बाई वाळवणं कशाला घालील? त्या वर्षी आमच्याकडे पापडसुद्धा व्हायचे नव्हते.

ऊन कलताना फाटकाशी टॅक्सी थांबली. निरोप्या अजून निघायचाच होता. वहिनी उतरली, केस सुटलेले, आणि मागून आमच्या शेजारच्या गोदूताई. वहिनीने मला एवढंच विचारलं, "जागे झाले?"

मी हो म्हटलं. ती पायरीवरच बसली. तिच्या बांगड्यांमध्ये उडदाचं पीठ वाळून बसलं होतं.

बोलल्या त्या गोदूताई. "अगो कुमुद, माझे पापड लाटायला बसलो होतो अंगणात. शमी आत झोपलेली. ही उठली, पाणी प्यायला म्हणून मागच्या दाराशी गेली, आणि एकदम ओरडायला लागली. आधी अहो काय, ऐका ना काय. आणि मग, 'सदाशिव!' असं ठणकावून! अख्ख्या वाडीने ऐकलं. पलीकडच्या म्हाताऱ्या काकू देवासमोरून उठून आल्या. म्हटलं, अगो, वेड लागलं काय? नवऱ्याचं नाव घेतेस?"

"पाठमोरे होते," वहिनी हळूच म्हणाली. "विहिरीपलीकडून चालले होते. पांढरे कपडे, अनवाणी. मला वाटलं, इथूनही पळून आले. राग आला. पण मग चाल बघितली... ती परत येणाऱ्या माणसाची चाल नव्हती, वन्सं."

"आणि वळले?"

"वळले. माझ्याकडे बघितलं. मग माडच होते नुसते."

"मला काही दिसलं नाही हो," गोदूताई म्हणाल्या. "मी ओरडणं ऐकलं फक्त. आणि माझ्या पापडाच्या लाट्या वाळून कडक झाल्या."

इंजेक्शनचा अंमल तेव्हाच उतरला असेल, योगायोग असेल. हे मी धरून चालते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण पीठ? मलाच माहीत नसलेलं ते पीठ दादांना अंधेरीत खाटेवर कसं दिसलं? इतकी वर्षं उलटसुलट मांडून पाहिलं. 

ट्रंक रिकामी झाली. दादा पुढे एकदा घसरले, आणि आपण होऊन अंधेरीला जाऊन राहिले. मात्र झोपेचं इंजेक्शन घेतलं नाही. त्यानंतर कधी प्याले नाहीत. वहिनीने ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "लागेल तेव्हा घेईन."

दादा गेले, वहिनी गेली, गोदूताई तर केव्हाच. पार्ल्याच्या घराच्या जागी इमारत आहे, आणि अंधेरीचा बंगला नक्की कुठे होता ते मला आता दाखवता यायचं नाही. त्या दुपारच्या आम्ही दोघीच उरलो आहोत — तुमची शमीआत्या, जी तेव्हा झोपलेली होती, आणि मी, जी अंधेरीला होते.

— आजी