रविवारचे सत्यप्रेमी

आमचे हे निवृत्त प्राध्यापक. आखाडा बाळापुरात राहूनही जगाचं भान सुटू द्यायचं नाही, या हट्टापायी त्यांनी दर रविवारी घरात सिनेमा दाखवायला सुरुवात केली. परदेशातली चित्रपटमालिका होती. प्रत्येक भागात एक साधा माणूस आणि त्याच्यापुढे खऱ्या-खोट्याचा पेच. बघायला एक डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि ह्यांचा चुलतभाऊ. चहाला मी.

मालिका मात्र खरंच चांगली होती. एका भागात कपडे धुण्याच्या कारखान्यातली बाई सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष द्यायला जाते. कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून पिशवीतला पाव खाते, हात पुसते आणि आत जाते. बस, एवढंच. ना भाषण, ना संगीत. मी कपबशा घेऊन दारातच उभी राहिले. इकडे आमच्या मंडळींची तोंडं सुटली. सत्य काय, विवेक काय! डॉक्टरांनी तर रुमाल काढला. दुसऱ्याच्या धाडसावर इतकं फुकट गहिवरणारी माणसं मी पाहिली नाहीत.

शेजारची एक विधवा बाई माझ्यासोबत स्वयंपाकघरात बसून हे सगळं ऐकायची. तिच्या हळदीच्या शेताकडे जाणारा गाडीरस्ता ह्याच चुलतभावानं नांगरून टाकला होता. हळद काढणीला आलेली, आणि ट्रॅक्टर जायला वाट नाही. तिनं तहसीलला अर्ज केला आणि पाहणीसाठी पंच म्हणून सुचवले ते डॉक्टर, मुख्याध्यापक आणि आमचे हे.

"अगं, काहून यांनाच?" मी विचारलं.

"वैनी, खऱ्यासाठी किती जीव तोडून बोलतेत ते!"

मला तिची कीव आली.

पाहणीला मी तिच्यासोबत गेले. तहसीलच्या साहेबांनी बांधावर उभं राहून विचारलं, "इथून गाड्या जायच्या का?" डॉक्टर आभाळ निरखू लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "आमचं इकडं येणंच न्हाई, साहेब." आणि आमचे हे? "मला भावकीत राहायचंय. यात ओढू नका." ती बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, रस्ता होता," मी म्हटलं. "लग्नानंतर देवीला जाताना आमची बैलगाडी इथूनच गेली. हे माझ्या शेजारीच बसले होते."

साहेबांनी ते लिहून घेतलं, मी सही केली. रस्ता मोकळा झाला, हळद घरी आली.

मालिकेचे उरलेले भाग मंडळी आता डॉक्टरांकडे बघतात. आमच्या घरात म्हणे वातावरण राहिलं नाही. परवा हे तिकडून आले ते डोळे पुसतच, आणि लेकीला फोनवर सांगत बसले, "काय बाई दाखवलीय! नवऱ्यासमोर उभी राहून खरं बोलते."

माझ्याशी ते अजून बोलत नाहीत.